इयत्ता, उत्तीर्ण आणि ढकलपास

प्राथमिक शाळेत कोणासही नापास करू नये, वर्ष सरताच प्रत्येक मुलास वरच्या वर्गात बसवावे, या धोरणाची चर्चा आपल्याकडे शिक्षणशास्त्राचे अभ्यासक, प्रशासक आणि वृत्तपत्रांचे अग्रलेखक करीत आले आहेत. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी तो प्रश्न आपला मानलेला नाही. वस्तुतः या वादाचा मोठा भाग शब्दांनी घडविलेला आहे. आणि ज्या मुलांविषयी तो वाद होता ती मुले आता आपल्याच वर्गात येऊन बसली आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या वर्षी जे मूल पहिलीत बसले ते २०१८ मध्ये आठवी आणि २०२२ मध्ये बारावी ओलांडून विद्यापीठात आले. प्राथमिक शिक्षणाच्या आठही वर्षांत कायद्याने ज्याला एकदाही मागे ठेवता येत नव्हते असा हा पहिला वर्ग होय. जबलपुरात पदव्युत्तर वर्गांना तौलनिक साहित्य शिकविताना प्रस्तुत लेखकाच्या मनात हा विषय घोळू लागला तो याच कारणाने. तथापि पुढील विवेचन एका विद्यापीठापुरते नाही.

आरंभ 'इयत्ता' या शब्दापासूनच करावा हे बरे. मराठी घरी पाहुणा आला की लहान मुलास पहिला प्रश्न विचारला जातो तो 'कितवीत आहेस?' हा. 'कितवा' हे क्रमवाचक प्रश्नार्थक रूप मराठीचे एक वैभव आहे; इंग्रजीला ते नाही, आणि प्रमाण हिंदीतही 'कौन-सी कक्षा' असाच वळसा घ्यावा लागतो. जबलपुरातील मराठी कुटुंबांत, जी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीतून शिकली, 'इयत्ता' हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. 'कितवीत' मात्र टिकून आहे. आता 'इयत्ता' म्हणजे काय? संस्कृत 'इयत्' म्हणजे 'इतके'. त्याला भाववाचक प्रत्यय लागून झालेली 'इयत्ता' म्हणजे 'इतकेपणा', मापाची मर्यादा. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात, लंकेहून परतताना राम सीतेला समुद्र दाखवितो, तेथे कालिदासाने हा शब्द योजिला आहे. आणि योजिला आहे तो निषेधासाठी. समुद्राचे रूप 'असे' म्हणून किंवा 'इतके' म्हणून ठरविता येत नाही, असा तेथील आशय आहे. ज्या शब्दाच्या साह्याने कवीने अथांगपणा सुचविला, तोच शब्द एकोणिसाव्या शतकात मराठी शाळेने मुलाचे माप सांगण्यासाठी उचलला, ही योजना कोणा पंडिताची असेल तर त्याला विनोदबुद्धी नव्हती असे म्हणवत नाही.

परंतु शब्द संस्कृत असला तरी कल्पना विलायती आहे. मुंबई इलाख्यात ज्याला 'स्टँडर्ड' म्हणत, त्याचे हे भाषांतर होय. उत्तरेत 'क्लास' आणि मुंबईकडे 'स्टँडर्ड' हा भेद आजही ऐकू येतो. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व अंकगणित यांचे सहा 'स्टँडर्ड' म्हणजे सहा मानदंड ठरविले. इन्स्पेक्टराने मुलांची परीक्षा घ्यावी आणि किती मुले कोणत्या विषयात उतरली त्या हिशेबाने शाळेस अनुदान द्यावे, अशी ती व्यवस्था होती. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत मुंबई आणि मद्रास या इलाख्यांतही आली. म्हणजे 'स्टँडर्ड' हे प्रथमतः मुलाचे नाव नव्हते, मापपट्टीचे नाव होते. पुढे मापपट्टीवरची खूण आणि त्या खुणेपाशी बसलेल्या मुलांचा समूह एकरूप झाला. भारतीय भाषांनी या कल्पनेला निरनिराळी नावे दिली. बंगालीतील 'श्रेणी' ही ओळ आहे. हिंदीतील 'कक्षा' एक दालन सुचविते, तर जुन्या हिंदी-उर्दूतील 'दर्जा' ही पायरी आहे. गुजरातीने 'धोरण' हा शब्द घेतला, ज्याचा तेथील अर्थ नियम, प्रमाण असा आहे. मराठी कानाला मात्र गुजराती मूल 'पाचव्या धोरणात' शिकते हे ऐकून शासनाच्या धोरणांची आठवण व्हावी. ओळ, दालन, पायरी, प्रमाण, माप. यांपैकी ओळीत किंवा दालनात मूल नुसते बसू शकते. पायरी त्याला चढावी लागते. मापात मात्र ते 'भरावे' लागते. आणि जे भरत नाही ते कमी ठरते. मराठीने सर्वांत कठोर रूपक स्वीकारले असे म्हणावयास हरकत नाही.

त्यापूर्वी काय होते? पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर एक मुलगा धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, दुसरा बाराखडी म्हणत असे, तिसरा पावकी-निमकी घोकीत असे आणि चौथा मोडी वळणाचे कित्ते पुसत असे. एक धडा आला की पुढचा. ज्याला सवाई-दिडकीला चार महिने लागत त्याला चार लागत, दुसऱ्याला दोन. वर्षाचा आणि धड्याचा संबंध जोडलेला नव्हता. विल्यम अॅडमने १८३५ ते १८३८ या काळात बंगालमधील देशी शाळांची जी पाहणी केली तीतही मुलांचे टप्पे लेखनसाहित्यावरून सांगितले आहेत: जमिनीवर अक्षरे काढणारे, ताडपत्रावर लिहिणारे, केळीच्या पानावर लिहिणारे आणि कागदावर लिहिणारे. या शाळांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यांत छडी होती, पाठांतराचा जुलूम होता, आणि गावातील बहुसंख्य जातींच्या मुलांना व जवळजवळ सर्व मुलींना तेथे प्रवेशच नव्हता. एवढेच नमूद करावयाचे की तेथे मूल मंद ठरे, उनाड ठरे, मार खाई. पण 'नापास' होत नसे. नापास होण्यासाठी आधी इयत्ता हवी, तिला वर्षाची चौकट हवी आणि वर्षाच्या टोकाला परीक्षा हवी. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाती स्थापन झाली आणि हे तिन्ही घटक एकत्र आले.

या नव्या अनुभवासाठी भाषेने दोन थरांवर शब्द निर्माण केले. वरच्या थरावर 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण'. 'उत्तीर्ण' म्हणजे पाणी ओलांडून पलीकडे गेलेला. खालच्या थरावर 'पास' आणि 'नापास'. यांतील 'नापास' हा शब्द भाषाशास्त्रज्ञाने जपून ठेवावा असा आहे: फारसी निषेधार्थक उपसर्ग आणि इंग्रजी क्रियापद यांचा संकर, आणि तो इतका मराठी झाला की हिंदीच्या 'फेल'ने त्याची जागा अद्याप घेतलेली नाही. मराठीतील व्याकरणही पाहण्यासारखे आहे. मूल नापास 'होते', शिक्षक त्याला नापास 'करतो', पण शाळा नापास झाली असे आपण म्हणत नाही. निकालावर अनुदानाच्या काळात मात्र खऱ्या अर्थाने शाळाच नापास होत असे, कारण तिचा पैसा कापला जाई. ती पद्धत गेली, आणि अपयशाची सर्व जबाबदारी त्या वाक्याच्या कर्त्यावर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलावर येऊन राहिली.

किती मुले अशी राहत होती? हार्टॉग समितीने १९२९ च्या अहवालात 'अपव्यय' आणि 'स्थगन' या दोन संज्ञा रूढ केल्या. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचलेली मुले अवघी अठरा होती, हा तिचा आकडा पुढे शिक्षणविषयक ग्रंथांतून वारंवार आला. अपव्यय म्हणजे मधूनच शाळा सोडणे, स्थगन म्हणजे त्याच वर्गात राहणे. मराठीने अपव्ययासाठी 'गळती' हा अधिक बोलका शब्द काढला. तथापि त्या शब्दातही एक चूक दडलेली आहे. भांडे गळते तेव्हा पाण्याचा दोष नसतो. परंतु 'गळती झालेली मुले' असे आपण म्हणू लागलो की गळणे हा मुलांचाच गुण वाटू लागतो. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची जी पाहणी केली (ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केली) तीतही गळती-स्थगनाचा आणि शाळा सोडल्यावर शिकलेले अक्षर विसरले जाण्याचा प्रश्न हाताळलेला आहे. आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना या आकड्यांमागील घर दिसेल. शेतातल्या कामासाठी बाप मुलाला शाळेतून काढतो. मुलगा पुन्हापुन्हा शाळेत परतण्यासाठी झुंजतो. अशा घरात एक वर्ष नापास होणे याचा अर्थ एक वर्ष पुन्हा शिकणे असा होत नाही. 'याला विद्या नाही' असा पुरावा बापाच्या हाती मिळतो आणि शाळा संपते. नापास न करण्याच्या धोरणाचा खरा युक्तिवाद हा आहे. मुलाच्या मनाला इजा होऊ नये हा त्याचा गौण भाग होय. शहरी विरोधकांनी नेमका तोच मुख्य मानून त्याची टिंगल केली.

हा युक्तिवाद २००९ मध्ये अकस्मात उगवलेला नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली व दुसरी हे वर्ग एकच अखंड गट मानावेत आणि शक्य असेल तेथे ती पद्धत चौथीपर्यंत न्यावी, असे सुचविले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. ग्रामीण शाळा त्यांनी आतून पाहिलेली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक स्तरावर नापास न करण्याचे तत्त्व पुढे चालू ठेवण्याचे म्हटले. म्हणजे अनेक राज्यांत खालच्या वर्गांपुरते ते आधीपासूनच चालत आले होते. २००९ च्या कायद्याने ते आठवीपर्यंत नेले आणि त्याला हक्काचे रूप दिले.

त्या कायद्याची चार कलमे एकत्र वाचली पाहिजेत, कारण बहुतेक टीकाकार एकच वाचतात. कलम १६ म्हणते की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेत दाखल झालेल्या बालकास कोणत्याही वर्गात मागे ठेवता येणार नाही किंवा शाळेतून काढता येणार नाही. कलम ३० तोपर्यंत मंडळाची परीक्षा असणार नाही असे सांगते. परंतु कलम २९ मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करावयास सांगते; महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० रोजी काढला. आणि कलम ४ म्हणते की कधीच शाळेत न गेलेल्या मुलास त्याच्या वयाला अनुरूप वर्गात बसवावे व इतरांबरोबर येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे. या चौथ्या कलमात सर्व गोष्टीचे मर्म आहे. त्याने 'इयत्ता' या शब्दाचा अर्थच बदलला. इयत्ता आता ज्ञानाचे माप राहिली नाही; ती वयाची खूण झाली. 'कितवीत आहेस?' या प्रश्नाचे उत्तर 'केवढा आहेस?' या प्रश्नाच्या उत्तराशी जुळू लागले. ज्ञानाचे माप दुसरीकडे, रोजच्या मूल्यमापनात, शोधावयाचे होते. हा बदल लहान नव्हता. तो शिक्षकांस, पालकांस किंवा वृत्तपत्रांस कोणी समजावून सांगितल्याचे दिसत नाही. नवा अर्थ जुन्याच शब्दात भरण्यात आला आणि जुना शब्द आपल्या जुन्या अर्थाने बोलत राहिला.

त्यातून 'ढकलपास' जन्मला म्हणण्यापेक्षा बळावला. जो स्वतः चालत नाही त्याला मागून ढकलून पुढे नेले, हा त्यातील भाव. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द इतका वापरला की कायद्यातले कोणतेही वाक्य त्याच्यापुढे टिकले नाही. मध्य प्रदेशात याच अर्थाने 'जनरल प्रमोशन' हा प्रयोग चालतो. २०२० च्या साथीत तर तो घरोघरी पोहोचला. 'जनरल प्रमोशन' कार्यालयी भाषेतला, आदेशाचा शब्द आहे. त्यात निंदा असलीच तर ती शासनाकडे वळते. 'ढकलपास' मात्र ढकलणाऱ्याला विसरतो आणि ढकलल्या गेलेल्याला चिकटतो. 'ढकलपास मुले' असे विशेषण होऊन तो एका पिढीच्या नावापुढे बसला. ज्या मुलाने परीक्षा दिलीच नाही, त्याने ती लबाडीने पार केली असा दोष भाषेने त्याला दिला. येथे भाषाभ्यासकाने हस्तक्षेप करावयास हवा होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता साहित्याकडे वळू. एकाच वर्गात राहण्याविषयी भारतीय भाषांत जे लिहिले गेले त्यात प्रेमचंदांच्या 'बड़े भाई साहब' या कथेच्या तोडीचे दुसरे काही सहसा आढळत नाही. निवेदकाचा थोरला भाऊ त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, पण वर्गाने तीनच इयत्ता पुढे. तो रात्रंदिवस पुस्तकाला चिकटलेला असतो आणि नापास होतो; धाकटा पतंग उडवितो आणि पास होतो. तीनाचे अंतर दोनावर येते, दोनाचे एकावर. कथेचा विनोद या वजाबाकीत आहे. परंतु तिचे सामर्थ्य थोरल्याच्या भाषणांत आहे. इंग्लंडच्या इतिहासातले एकाच नावाचे अनेक राजे, भूमितीतील अक्षरांची अदलाबदल, वक्तशीरपणासारख्या विषयावर पाने भरण्याची सक्ती यांवर तो जी टीका करतो तीत अभ्यासक्रमाचे असे उलटतपासणीसारखे परीक्षण होते की हा मुलगा मंद आहे असे कोणी म्हणू नये. मग शेवटी तो आपला अधिकार कशावर टेकवितो? वयावर. तू माझ्या वर्गात आलास, पुढेही जाशील. पण आपल्यातील पाच वर्षांचे अंतर कोणालाही मिटविता येणार नाही, असा त्याचा मुद्दा आहे. इयत्ता खोटी, वय खरे. २००९ च्या कायद्याचे कलम ४ हे या थोरल्या भावाच्या म्हणण्याला मिळालेले वैधानिक रूप आहे असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतीचे विधान ठरू नये. दोघेही एकच सांगतात: मुलाने जगलेली वर्षे ही हिशेबात धरण्याची गोष्ट आहे.

मात्र प्रेमचंद भाबडे नव्हते. ते स्वतः शाळांचे उपनिरीक्षक होते. त्यांची इंटरमीजिएटची परीक्षा गणितामुळे दीर्घकाळ अडकून पडली होती. म्हणजे परीक्षेच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. थोरल्या भावाचे बोलणे खरे असले तरी तो त्या वाक्चातुर्याने आपले दुःख झाकतो, हेही ते दाखवितात. शेवटी कटून आलेल्या पतंगाची दोरी पकडून तोच धावत सुटतो तेव्हा नापासपणाखाली पुरलेले त्याचे बालपण आपल्याला क्षणभर दिसते. ही कथा केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे आहे. आठवीपर्यंत नापास होण्याचे भय कायद्याने ज्यांना ठाऊक नव्हते, त्या मुलांनी ती नववीत प्रथमच त्या भयाशी गाठ पडल्यानंतर वाचली. त्यांना ती इतिहासातली वाटली की आजची, हे विचारावयास हवे.

दुसरे उदाहरण कथेचे नव्हे, चरित्राचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचे घर मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. चाळीसच्या दशकात काही काळ ते जबलपुरातही होते. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्या होत, शिक्षणात खंड पडे. १९३० मध्ये उज्जैनहून मिडलच्या परीक्षेला बसलेले मुक्तिबोध नापास झाले, आणि आपल्या आयुष्यातील ती एक महत्त्वाची घटना म्हणून त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. ते घर शिकलेले होते, पगाराचे होते. म्हणून मुलगा पुन्हा परीक्षेला बसू शकला, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी त्याच परीक्षेत नापास झालेल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलाचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्याही साहित्यकोशात असणार नाही. 'नापास होऊनही मोठे झालेले' लोक दाखवून नापास करण्याचे समर्थन करणारे हा फरक सोयीने गाळतात. मुक्तिबोधांच्या बाबतीत नियतीने आणखी एक वळण घेतले: त्यांनी शाळांसाठी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. ज्याला मिडलच्या परीक्षेने एकदा मागे ठेवले, त्याच्या पुस्तकालाही शाळेने आत घेतले नाही.

येथवरच्या विवेचनावरून हे धोरण निर्दोष होते असा अर्थ कोणी काढू नये. प्रथम संस्थेच्या 'असर' या ग्रामीण पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे अखिल भारतीय प्रमाण २०१० मध्ये सुमारे ५४ टक्के, २०१८ मध्ये सुमारे ५१ टक्के आणि शाळा बंद राहिल्याच्या काळानंतर, २०२२ मध्ये, सुमारे ४३ टक्के आढळले. याचा दोष कलम १६ कडे देण्याचा मोह होतो. पण २००६ मध्येही ते प्रमाण साधारण ५३ टक्केच होते, आणि प्राथमिक वर्गांत नापास न करण्याची रीत अनेक राज्यांत त्याच्याही आधीची होती. सारांश, निम्मी मुले आधीही वाचू शकत नव्हती, नंतरही नाहीत. बदल झाला तो एवढाच की पूर्वी त्यांतील कित्येक शाळेबाहेर असती. आता ती पाचवीच्या बाकावर बसून वाचू शकत नव्हती, म्हणून दिसू लागली. खरी चूक होती ती दुसऱ्या ठिकाणी. कलम १६ एका आदेशाने अमलात येते. कलम २९ साठी शिक्षक लागतो, वेळ लागतो, कमी विद्यार्थ्यांचा वर्ग लागतो. पहिले झाले, दुसरे नोंदवह्यांचे रकाने भरण्यात संपले. हरियाणाच्या तत्कालीन शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ मध्ये नेमलेल्या उपसमितीनेही पूर्वतयारीवाचून झालेल्या अंमलबजावणीवर बोट ठेवले होते. निष्कर्ष मात्र तयारी करा असा न निघता, हळूहळू परीक्षा परत आणा असा निघाला.

नापास केल्याने मूल शिकते काय? या प्रश्नावर परदेशांत पुष्कळ काम झाले आहे. शिकागो शहराने १९९६ मध्ये वरच्या वर्गात आपोआप बसविण्याची पद्धत बंद केली आणि तिसरी, सहावी व आठवी या टप्प्यांवर चाचणीची अट घातली. पुढील अभ्यासांत तिसरीत मागे ठेवलेल्या मुलांना भरीव लाभ आढळला नाही, सहावीत ठेवलेली मुले अधिकच मागे पडली, आणि आठवीत अडविलेल्यांत शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. तर नुसते पुढे ढकलल्यानेही शिकणे होत नाही, याची साक्ष आपलीच पाचवी देते. दोन्ही पक्ष मुलाला पुढच्या की मागच्या बाकावर बसवावे एवढ्याचाच वाद घालतात. त्याला वाचता येत नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकाने काय करावयाचे, यावर दोघांचेही मौन आहे. पंतोजीला हे उत्तर ठाऊक होते, जरी त्याच्यापाशी मुले थोडी आणि विषय त्याहून थोडे होते: तोच धडा पुन्हा, पण त्या एका मुलापुरता आणि उद्याच.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६ बदलले. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा व्हावी. जो अनुत्तीर्ण होईल त्यास जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी. तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवावे की नाही हे संबंधित शासनाने ठरवावे. शाळेतून काढता मात्र येणार नाही. मध्य प्रदेशाने भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्रामार्फत या परीक्षा 'बोर्ड पॅटर्न' या नावाने घेतल्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून २०२३-२४ या वर्षापासून वार्षिक परीक्षा आणली. केंद्राने आपल्या शाळांसाठी नियम केला तो १६ डिसेंबर २०२४ रोजी. तमिळनाडूने आपण जुनेच तत्त्व पाळू असे जाहीर केले. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये पाचवीचे सुमारे ८२ आणि आठवीचे सुमारे ७६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०२५ मध्ये हे आकडे अनुक्रमे सुमारे ९३ आणि ९० टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत मुले इतकी शिकली, की शिक्षक परीक्षेला शिकवू लागले, की तपासनिसाचा हात सैल झाला, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. परीक्षा परत आली की ज्ञान मोजता येते असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावयाचे आहे.

या शहरात त्या तारखांचा अर्थ अगदी प्रत्यक्ष होता. जबलपुरात खमरिया, तोफगाडी कारखाना, वाहन निर्माणी या संरक्षण वसाहतींतून केंद्रीय विद्यालये आहेत आणि त्यांच्याच कुंपणाबाहेर राज्याच्या शाळा. अंबरनाथ, खडकी, वरणगाव येथील आयुधनिर्माणींतून बदली होऊन येणारी मराठी कुटुंबे यांपैकी कोठेही मुले घालतात. २०२३ च्या उन्हाळ्यात कुंपणाच्या एका बाजूचे पाचवीतील मूल राज्याच्या नियमाने अडविता येत होते. केंद्राचा त्याविषयीचा नियम तोवर निघालाच नव्हता. आणि तो दोन महिन्यांचा अवधी केव्हा येतो? निकाल लागतो तो परीक्षा संपल्यावर, म्हणजे नेमका मे-जूनच्या तोंडावर, जेव्हा शाळेला कुलूप असते, नर्मदाकाठचा पारा चाळीसच्या वर असतो आणि मजुरांची मुले आईबापांबरोबर कामावर किंवा गावी गेलेली असतात. जादा मार्गदर्शन ज्याला द्यावयाचे ते मूल त्या काळात शाळेच्या आवारात नसते. केंद्राच्या २०२४ च्या नियमात म्हटले आहे की मागे ठेवलेल्या मुलास, आणि गरज असेल तर त्याच्या पालकांसही, वर्गशिक्षकाने मार्गदर्शन करावे, त्याच्या शिकण्यातील उणिवा शोधून त्यावर विशेष उपाय योजावेत, आणि मुख्याध्यापकाने अशा मुलांची यादी ठेवून त्यांच्या प्रगतीवर स्वतः देखरेख करावी. हेच काम, वेगळ्या शब्दांत, कलम २९ ने २००९ मध्येच सांगितलेले होते, आणि तेव्हा त्यासाठी कोणाला नापास व्हावे लागत नव्हते.